'माका आवडता' आणि 'मे गुस्ता'

(पोस्ट थोडी लांब आहे. ज्यांच्या घरातलं मूल बाहेर शिकायला निघालंय, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.)

परवा एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. "मुलगा पुढच्या महिन्यात युरोपात शिकायला चाललाय, जरा बातमी लावाल काय?" म्हटलं, लावतो की. फोटो पाठवा, मार्क पाठवा, विद्यापीठाचं नाव नीट लिहून पाठवा. फोन ठेवला आणि टाईप करायला बसलो, तर मथळा आपोआप बोटांवर आला, 'कुडाळच्या सुपुत्राची परदेशात झेप'.

पुढे हात चालेना. कारण हाच मथळा मी गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये लावला होता. 'सुपुत्रा'च्या जागी 'सुकन्या' होती एवढाच फरक. पुष्पगुच्छ, शाल, मागे घरातला टीव्ही आणि गणपतीचा फोटो. ती सुकन्या म्हणजे माझी सख्खी भाची. स्पेनमध्ये व्हॅलेन्शियाला दोन वर्षांच्या मास्टर्सला गेली. त्यासाठी माझ्या बहिणीच्या घरची काजूची बाग बँकेकडे तारण आहे. ते अर्थातच मी बातमीत लिहिलं नव्हतं.

झेप घेतल्यानंतर काय होतं, हे मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत एकदाही लिहिलेलं नाही. आज लिहितो. भाचीला विचारूनच लिहितोय. तिची अट एकच, नाव नको.

मोपा विमानतळावरून तिला निरोप दिला तेव्हा सगळे निर्धास्त होतो. कोर्स इंग्रजीतून, पोरगी इंग्रजीत हुशार. स्पॅनिशचं काय, जाण्याआधी दोन महिने ऑनलाईन क्लास केला होता. सप्टेंबरात ती तिकडे पोचली. पहिल्या आठवड्यात फोटो भरपूर आले. दुसऱ्या आठवड्यात कमी आले. तिसऱ्या आठवड्यात नुसते अंगठे यायला लागले. बहीण म्हणाली, अभ्यास जास्त असेल.

मग एका रात्री साडेबाराला मला फोन. "मामा, माका हय कोणाचा कायएक कळना नाय. आईक सांगू नको."

कोर्स इंग्रजीत होता, पण शहर इंग्रजीत नव्हतं. खोली भाड्याने घेतली की नगरपालिकेत पत्त्याची नोंद करायची. परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र काढायला पोलीस कचेरीत जायचं. त्या प्रत्येक ठिकाणी आधी वेळ घ्यावी लागते. 'थिता प्रेबिया', म्हणजे आगाऊ ठरवलेली वेळ, हे दोन शब्द तिच्या डोक्यात हातोडीसारखे बसले होते. बँकेच्या खिडकीवरची बाई फटाफट बोलायची, ही मान डोलवायची आणि बाहेर येऊन रडायची. ताप आला तेव्हा औषधाच्या दुकानासमोर दहा मिनिटं उभी राहून परत आली. वाक्य पाठ होतं, पण समोरून उलटा प्रश्न आला तर? वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत स्पॅनिशमध्ये विनोद करायची. सगळे हसले की हीपण हसायची, अर्ध्या सेकंदाने उशिरा.

मी तिला विचारलं, "अगो, क्लास केलेलंस ना?"

ती म्हणाली, क्लासमध्ये आधी इंग्रजीत वाक्य करायला सांगायचे, मग त्याचं स्पॅनिश. दोनदा उच्चाराला हसले, तेव्हापासून मी क्लासमध्ये तोंडच उघडलं नाही.

हे ऐकून मी गप्प झालो. त्याला कारण आहे.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा पुण्यात केला. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात रोज जाणं असायचं. पत्रकारितेचा विभाग तिथे आणि परदेशी भाषांचे वर्गही तिथेच. फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी, स्पॅनिश. पायऱ्यांवर बसून पोरं-पोरी भलत्याच भाषांत गप्पा मारायची आणि मी चहाचा ग्लास घेऊन लांबून बघत राहायचो. मला साधं मराठी बोलायची चोरी होती. पहिल्याच महिन्यात एका ठिकाणी बोलता बोलता तोंडातून 'माका' निघून गेलं होतं. त्यानंतर वर्षभर माझं नाव 'माका'. कोणाचं वाकडं नव्हतं त्यात, चेष्टाच ती. पण मी वर्षभर प्रत्येक वाक्य तोंडातून काढायच्या आधी मनात तपासून घ्यायचो. ज्याला वाक्य तपासून बोलावं लागतं तो माणूस कमी बोलतो. मुलाखती घ्यायला शिकायचं ते वर्ष होतं आणि मी प्रश्न विचारायला घाबरायचो.

आणि हाच मी, भाची बारावीनंतर पुण्याला निघाली तेव्हा तिला काय म्हणालो? "तिथे मालवणी बोलू नको हां. हसतात."

माझी भीती मी तिच्या बॅगेत भरून दिली होती. मालवणीची लाज, मग आपल्या मराठीची लाज, मग इंग्रजी उच्चारांची लाज, असं करत ती स्पेनपर्यंत पोचली आणि तिथे मुकी झाली.

सुटका झाली ती मासळीबाजारात. हसू नका, खरंच.

व्हॅलेन्शियात जुनं मध्यवर्ती मार्केट आहे, मासळीचा विभाग मोठा. ऑक्टोबरात एका शनिवारी ही तिथे गेली. परक्या गावात मालवणी माणूस कंटाळला की कुठे जाणार? बर्फावर ओळीने बांगडे. आपला बांगडा नव्हे, त्याचा तिकडचा भाऊ, पण पट्टे बघून पोरगी विरघळली. पाटीवर नाव होतं 'वेरात'. फोनवरच्या डिक्शनरीत बांगड्याला 'काबाया' असं होतं. ती बोट दाखवून म्हणाली, "काबाया?" मासळीवाली आजी हसली, "काबाया, वेरात, एकच." मग तिने काहीतरी विचारलं. हिला त्यातला एकच शब्द कळला, 'गुस्ता'. आवडतं का?

आणि हिच्या तोंडून उत्तर निघालं, "मे गुस्ता!" नंतर अख्ख्या ढिगाकडे हात करून, "मे गुस्तान!"

त्या रात्रीचा फोन मी विसरणार नाही. पोरगी नुसती ओरडत होती. "मामा, ह्या आपला मालवणीच आसा!"

नीट ऐका, गंमत आहे. क्लासमध्ये तिला शिकवलं होतं की इंग्रजीत 'आय लाईक'. 'मी' कर्ता, 'आवडणं' माझी क्रिया. मग म्हणे स्पॅनिशमध्ये हे उलटं होतं, हा अपवाद पाठ करा. दोन महिने तिचा ह्यात घोळ. पण मालवणीत आपण काय म्हणतो? 'माका बांगडो आवडता.' एक बांगडा असेल तर 'आवडता', जास्त असतील तर 'बांगडे आवडतत'. क्रियापद माझ्याप्रमाणे बदलत नाही, बांगड्याप्रमाणे बदलतं. स्पॅनिश हुबेहूब तसंच. 'मे' म्हणजे 'माका', एकाला 'गुस्ता', अनेकांना 'गुस्तान'. इंग्रजीतून गेलं तर अपवाद आणि माजघरातून गेलं तर सरळ दरवाजा.

मग ती वहीच घेऊन बसली. टेबल, खिडकी, दरवाजा ह्यांना लिंग कशाला, म्हणून इंग्रजीवाले डोकं धरतात. आपल्याकडे तर तीन लिंगं, दोन शिकणं काय अवघड? स्पॅनिशचा 'त' आणि 'द' आपल्यासारखाच दाताला जीभ लावून म्हणायचा. 'न'च्या डोक्यावर नागमोडी रेघ काढलेलं त्यांचं जे अक्षर आहे, तो आपल्या बाराखडीतला बिचारा 'ञ', जो आपण शाळेत नुसता पाठ केला आणि कधी वापरला नाही. व्हॅलेन्शियाला ते लोक 'बालेन्सिया' किंवा 'बालेन्थिया' म्हणतात, कारण त्यांच्याकडे 'व' लिहिला तरी 'ब' वाचतात.

शब्द तर घरचेच निघाले. 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. आपला पगार पोर्तुगीजांकडून आला आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. बटाटा तिकडे 'पताता'. चावी पोर्तुगीजांची 'शाव्ह', स्पॅनिशमध्ये 'याबे'. गोव्याच्या शेजारी राहून आपण चारशे-साडेचारशे वर्षं हे शब्द वापरतोय, आणि आमच्या पोरीला कोणी सांगितलं नाही की तू अर्धी तयारी करूनच आलीयस.

एक अडचण मात्र राहिली, 'तू' आणि 'तुम्ही'ची. त्यांच्याकडेही दोन आहेत, 'तू' आणि 'उस्तेद'. ही प्राध्यापकांना इमानेइतबारे 'उस्तेद' म्हणायची. ते म्हणाले, अगं, 'तू' म्हण. आठवडाभर तिची जीभ वळेना. शेवटी आपल्या गाऱ्हाण्याची आठवण झाली म्हणे. आपण देवालासुद्धा 'तू' म्हणतो, मग प्रोफेसराचं काय!

हे सगळं ऑक्टोबरचं. त्यानंतर जे झालं ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेल.

२९ ऑक्टोबर २०२४. आपल्याकडे धनत्रयोदशी. व्हॅलेन्शिया प्रांतात काही तासांत वर्षभराचा पाऊस कोसळला. शहराच्या दक्षिणेकडच्या पाइपोर्ता, काताररोखा अशा गावांत ओढ्याचं पाणी शिरलं. लोकांच्या मोबाईलवर धोक्याचा संदेश आला रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी, तोवर कित्येक घरं आधीच बुडाली होती. सव्वादोनशेच्या आसपास माणसं गेली. त्या उशिरावरून पुढे तिकडे प्रचंड मोर्चे निघाले, राजकारण पेटलं, तो वेगळा विषय.

भाचीचं घर शहरात, तिथे पाणी आलं नाही. त्यालाही इतिहास आहे. १९५७ साली तुरिया नदीचा महापूर शहरात घुसला होता. त्यानंतर नदीच उचलून शहराच्या दक्षिणेला नवीन पात्रात वळवली आणि जुन्या पात्रात बाग केली. ह्या वेळी शहर वाचलं आणि नव्या पात्राच्या पलीकडची गावं बुडाली. तो मोबाईलवरचा संदेश खणखणला तेव्हा घरात ती आणि तीन परदेशी मुली. कोणालाच नीट स्पॅनिश येत नव्हतं. हिने तो वाचला, अर्थ लावला आणि मुलींना सांगितलं, कुठेही बाहेर पडायचं नाही. महिन्यापूर्वी हीच मुलगी औषधाच्या दुकानासमोरून परत आली होती.

आमच्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. बहीण, भावोजी, मी, सगळे फोनला चिकटून. नरकचतुर्दशीला कारीट फोडलं ते नुसतं रीत म्हणून. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, १ नोव्हेंबरला, तिचा मेसेज आला. फावडं, झाडू आणि बादली घेऊन पूल ओलांडून चिखल काढायला चाललेय. त्या दिवशी शहरातून हजारो माणसं, बहुतेक तरणी पोरं, अशीच पायी नदीपलीकडे गेली होती. त्यांत कुडाळची एक.

त्या दिवसांत तिला जे शब्द मिळाले ते कुठल्या पुस्तकात पहिल्या धड्यात नसतात. 'बार्रो' म्हणजे चिखल. 'पाला' म्हणजे फावडं. 'एस्कोबा' म्हणजे झाडू. एका घरात एक म्हातारी बाई होती. तिने हिचा हात धरून भिंतीजवळ नेलं आणि छातीच्या उंचीवर बोट टेकवलं. "आग्वा, आस्ता आकी." पाणी इथपर्यंत.

मित्रांनो, भंगसाळ नदीकाठी राहणाऱ्यांना ह्या वाक्याचं भाषांतर लागत नाही. पुराच्या बातमीला मी किती घरांत गेलोय, प्रत्येक घरात कोणीतरी भिंतीवर बोट ठेवून हेच सांगितलंय, "पाणी हयसर इला." भाची म्हणाली, त्या बाईचं निम्मं बोलणं मला कळलं नाही, पण ती अर्धा तास बोलत होती आणि मी ऐकत होते. शेवटी मी तिला मालवणीतच म्हटलं, "रडू नको गे आजये." तिला ते कळलं.

त्यानंतर तिने कधी विचारलं नाही की माझा उच्चार बरोबर आहे का.

आता त्या 'वेरात'चं सांगायचं राहिलं. बांगड्याच्या पाटीवर जे नाव होतं ते स्पॅनिश नव्हतं, व्हॅलेन्शियन होतं. तिकडे स्पॅनिशच्या जोडीला ही दुसरी अधिकृत भाषा आहे, कातालानच्या कुळातली. रस्त्याच्या पाट्या, विद्यापीठाचे फॉर्म, शाळा, सगळीकडे. २०२५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथल्या सरकारने पालकांनाच विचारलं, तुमच्या मुलाचं शिक्षण मुख्यतः कुठल्या भाषेत हवं? थोडक्या फरकाने का होईना, व्हॅलेन्शियनला जास्त मतं पडली. स्पॅनिशसारखी जगभर चालणारी भाषा दारात उभी असताना निम्म्याहून जास्त पालकांनी मासळीबाजारातली भाषा निवडली. म्हणून त्यांच्या मुलांचं स्पॅनिश कच्चं राहिलंय असं काही भाचीला दिसलं नाही.

त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं ते आठवा. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा निर्णय, मग वाद, मग २९ जूनला शासन निर्णय मागे, मग समिती. बाजू दोन्हीकडच्या सगळ्यांनी मांडल्या, मीही बातम्या केल्या. पण त्या सगळ्या गदारोळात एक प्रश्न मी कोणाला विचारला नाही. शाळेत पहिल्या दिवशी 'माका पाणी होया' म्हणणाऱ्या पोराला आपण काय करतो? 'असं नाही बोलायचं' म्हणतो. पहिली भाषा अशी गप्प करून मग दुसरी, तिसरी, चौथी कुठली द्यायची ह्यावर भांडतो.

आपल्या कोकण बोर्डाचा दहावी-बारावीचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो. आम्ही दरवर्षी तोच मथळा लावतो, 'कोकणच अव्वल'. ती अव्वल पोरं नंतर जातात पुणे, मुंबई, गोवा आणि आता थेट परदेशात. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी दहा हजार कुशल माणसं पाठवायचं ठरलं. त्यातही पहिली अट कोणती? भाषा. हातात कसब असलं तरी तोंड उघडलं पाहिजे.

तोंड उघडायचं शिक्षण आपल्या जिल्ह्यात कुठे मिळतं? गोव्यात शाळांतून पोर्तुगीज शिकता येते, गोवा विद्यापीठात त्या भाषेचा विभाग आहे. कुडाळहून गोव्याची हद्द तासाभरावर. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, मालवणच्या कॉलेजांनी ठरवलं तर संध्याकाळी एक खोली आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक शिक्षक ही काही चैन नाही. लोकप्रतिनिधींनी ह्या पोस्टकडे बघावं एवढीच विनंती. बघितलं नाही तर मी परत लिहीन.

आणि शिक्षक मिळाला तर त्याने मुलांना मराठीतून, मालवणीतून शिकवावं. आपल्याच जिल्ह्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा एकाच पानावर एक रकाना मराठी आणि एक इंग्रजी ठेवला होता. दरवर्षी पत्रकार दिनाला आम्ही त्यांना हार घालतो. ते दोन रकाने शेजारी शेजारी का होते ह्याचा विचार मी परवापर्यंत केला नव्हता. भाचीच्या वहीत आता तीन रकाने आहेत, मालवणी, मराठी, स्पॅनिश. इंग्रजीला तिने समासात जागा दिलीय.

ती ठीक आहे. अभ्यास चाललाय, कर्ज आहेच, नोकरीचं काय होईल ते पुढच्या वर्षी कळेल. सगळं गोड झालं असं सांगणार नाही. अजूनही काही रविवारी फोनवर आवाज बारीक असतो. आम्ही आता 'जेवलीस काय' नंतर दुसरा प्रश्न विचारतो, 'आज कोणाशी बोललंस?' उत्तर आलं की समजायचं, बरी आहे.

परवाच्या त्या मुलाची बातमी मी शेवटी लावली. मथळा तोच, वडिलांची हौस असते. पण फोटो घ्यायला गेलो तेव्हा त्याला बाजूला घेतलं. तो जाईल तिथली भाषा वेगळी आहे, कोर्स मात्र इंग्रजीत. त्याला म्हटलं, आजपासून रोज तासभर ती भाषा शिक. आधी औषधाच्या दुकानातली वाक्यं कर, भाड्याच्या खोलीची कर, 'मला समजलं नाही, पुन्हा सांगा' हे दहा वेळा म्हण. अडलास तर इंग्रजीकडे धावू नको, आधी मालवणीत सांगून बघ.

तो जरा बिचकला. आईकडे बघून म्हणाला, "काका, घरी मालवणी बोललेलं चालत नाही."

त्याच्या आईला मी काही बोललो नाही. बोलायला मला तोंड कुठे होतं? माझ्या बहिणीच्या पोरीला मीच तेच शिकवलं होतं. फक्त निघताना दारातून पोराला म्हटलं, "येतंय हां. थय गेल्यार फोन कर."

तो हसला. म्हणाला, "करतंय, काका."